अकरा माणसं आणि पन्नास गुण

रविवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टर मुंतहांनी पहिल्याच तासाला सांगितलं की प्रत्येकानं एक वही ठेवायची, जमेल तसं तिच्यात लिहायचं, आणि त्या ती कधीही मागणार नाहीत. जी वही कुणी तपासणार नाही ती लिहून काय साधतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहून बघ, मग तूच मला सांग." म्हणजे उत्तर नाही. या विषयात असंच चालणार असं दिसतं.

नोंद म्हणून: हनादी, वय सत्तावीस, मोजणीचा दोन वर्षांचा डिप्लोमा, सहा वर्षं नोकरी. नोकरी सांभाळून पदवी पुरी करते आहे. एकूण विषय चौतीस, त्यांपैकी तेहेतीस झाले. उरलेला हा: मानव्यविद्येची ओळख, सक्तीचा, रविवार-मंगळवार साडेचार ते सहा. चार वर्षं मी तो पुढे ढकलत होते.

कराकच्या दक्षिणेची निम्मी जमीन मी मोजली आहे. नकाशे मी काढते, खाली सही इंजिनियर राकान करतात, कारण पदवी त्यांच्याकडे आहे. काल म्हणाले, "मार्चमध्ये कतरानाच्या रस्त्याचं काम सुरू होतंय. तोवर पदवी आण, सगळे नकाशे तुझ्या सहीनं जातील. नाही आणलीस तर मला बाहेरून इंजिनियर घ्यावा लागेल आणि तू त्याच्या हाताखाली. माझ्यावर रागावू नकोस, नियम मी केलेले नाहीत."

मी रागावले नाही. पन्नास गुण लागतात. एवढंच आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

वर्गात छत्तीस जण. पस्तीस जण अठरा-एकोणीस वर्षांचे. माझ्या शेजारी रनीम नावाची मुलगी बसते, खिशात कायम भाजलेल्या बिया. मला ताई म्हणते. मी सांगितलेलं नाही, तिनं स्वतःच सुरू केलं.

आज डॉक्टर मुंतहांनी मातीचा एक दिवा आणला होता, तेराशे वर्षांपूर्वीचा, कापसात गुंडाळलेला. सगळ्यांच्या हातातून फिरवला. "काय दिसतं?"

कुणी म्हणालं एकटेपणा. कुणी म्हणालं वाट पाहणारी आई. रनीमचे डोळे भरून आले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "लांबी सुमारे नऊ सेंटिमीटर, रुंदी साडेसहा. तोंडाशी काजळी एकाच बाजूला जास्त आहे, म्हणजे तो नेहमी एकाच ठिकाणी, वाऱ्याच्या झोताजवळ ठेवत असावेत."

वर्ग हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उत्तम पाहिलंस. आणि मग थांबलीस. का?"

थांबले कारण पुढे दिसत नव्हतं. वाट पाहणारी आई मातीत दिसत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

निबंध दिला आहे. तीस गुण. "तुमच्या घरातला किंवा गल्लीतला एखादा रिवाज जवळून पाहा. माणसं असं का करतात? आणि तुम्ही त्यात कुठे आहात?" दोन आठवडे.

मी मयताच्या बैठकीवर लिहिणार. माहिती हाताशी आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

दोन गोष्टी परत मिळाल्या. सहामाही परीक्षा: तीसपैकी तेरा. निबंध: तीसपैकी सात.

सात. सहा पानं, एक आराखडा. मांडव बारा मीटर बाय चार. खुर्च्या साठ, त्यांपैकी चार मोडक्या. तीन दिवसांत चारशे बारा माणसं, सर्वांत जास्त गर्दी दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर. प्रत्येक माणूस सरासरी अकरा मिनिटं बसला. कडू कॉफी एकूण सव्वीस लिटर. मयत व्यक्ती: पुरुष, वय अठ्ठावन्न. यातला एक आकडा चुकीचा दाखवा म्हणावं.

खाली लाल शाईनं लिहिलंय: "मांडवाचं माप आलं. जो गेला तो कोण होता हे कळत नाही. आणि तू कुठे आहेस?"

तासानंतर मी त्यांच्या टेबलाशी गेले. "प्रश्न रिवाजाबद्दल होता, डॉक्टर. गेलेली व्यक्ती कोण हा प्रश्नच नव्हता."

"कोण होती?"

"माझे वडील."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "बावीस डिसेंबरपर्यंत पुन्हा लिहून देता येईल. ज्यांना वाटेल त्यांनी."

मला हेच समजत नाही. वडील माझे होते हे एका ओळीत लिहिलं असतं तर सातचे किती झाले असते? मांडव तेवढाच राहिला असता.

घरी आई कोबीची पानं उकडत होती. किती मिळाले असं तिनं विचारलं. सांगून टाकलं, आणि वर म्हणाले, "त्या बाईचं माझ्याशी काय वैर आहे तेच कळत नाही." असं मी सहसा बोलत नाही. दमले होते.

बुधवार, २० नोव्हेंबर

गणित मांडलं. शेवटची परीक्षा चाळीस गुणांची, तिच्यात मला एकोणीसच्या वर मिळणार नाहीत, कारण तिथेही दिवेच असणार. तेरा आणि एकोणीस बत्तीस. म्हणजे नव्या निबंधाला अठरा हवेत. सातचे अठरा.

शनिवार, ७ डिसेंबर

आज सुटीचा दिवस असूनही कतरानाला होतो, राकानना रस्त्याची प्राथमिक पाहणी हवी होती. तिपाई लावून झाली होती, यंत्राचा बुडबुडा मध्यात आणत होते, तेवढ्यात चुलत बहीण सौसनचा फोन. अबू तायलकाकांची धाकटी मुलगी.

"अभिनंदन, हनादी."

"कशाबद्दल?"

"मिळाले तुला. पन्नास. पक्के."

वाऱ्यामुळे मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी तिला क्रमानं सांगायला लावलं.

क्रम असा. आईनं काकांना सांगितलं की विद्यापीठातल्या बाईंचं हनादीशी वैर आहे. काकांनी दोन आठवडे विचार केला. मग ते हाजी मिफ्लेहकडे गेले. हाजी एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, पंचक्रोशीतले तंटे तेच मिटवतात: दोन खून, अकरा मोटार अपघात, एक विहीर. काल शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अकरा माणसं, दोन गाड्या आणि एक छोटी बस घेऊन थनिय्यात डॉक्टर मुंतहांच्या वडिलांच्या दारात उतरली. जाहा नेली, म्हणजे तडजोडीला किंवा मागणीला वडीलधाऱ्यांचं जे शिष्टमंडळ जातं ते. माझ्या गुणांसाठी.

"म्हाताऱ्यांनी मानलं बरं का," सौसन सांगत होती. "हाजींनी कॉफी पुढ्यात ठेवली, मागणं मान्य होईपर्यंत हात लावला नाही, जशी पद्धत आहे. हाजींनी तोंड उघडायच्या आतच म्हातारे म्हणाले, प्या कॉफी, जे मागायला आलात ते दिलं. मागायच्या आतच. इतका मान ठेवला. वर कुनाफा आणवला, चार किलो. बाबांनी तुझ्यासाठी ताट झाकून आणलंय."

गुणांसाठी कुनाफ्यासारखी सणासुदीची मिठाई कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी फोन बंद केला. यंत्र पुन्हा समतल करायला नऊ मिनिटं लागली. एरवी दोन लागतात.

संध्याकाळी काका घरी आले. मी विचारलं, "काका, हे तुम्ही काय केलंत?"

"जे तुझ्या बापानं केलं असतं ते."

"बाबांनी असलं काही केलं नसतं."

"तुझ्या बापाला माणसं कमी पडायची, म्हणून नसतं केलं. मी अकरा गोळा केली. एक तर निवृत्त ब्रिगेडियर आहे. पाशा म्हणतात त्यांना, ते स्वतः मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसले होते."

"काका, निबंधाला गुण कमी पडले होते. त्यात कुणाचं वैर नव्हतं."

"तूच म्हणालीस वैर आहे."

"मी वैतागून म्हणाले."

"पोरी, आम्ही रक्ताची भांडणं मिटवलीयत. गुण म्हणजे काय मोठंसं? मिटलं. कुनाफा खा."

खाल्ला. भूक लागली होती.

रविवार, ८ डिसेंबर

डॉक्टर मुंतहांनी तासाआधी खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"तुला पन्नास मिळतील. माझ्या वडिलांनी अकरा माणसांसमोर शब्द दिलाय, आणि मी तो त्यांना मागे घ्यायला लावणार नाही. निबंध देऊ नकोस. वर्गालाही आली नाहीस तरी चालेल."

"मी हे मागितलं नव्हतं, डॉक्टर."

"माहीत आहे. तू काहीच मागत नाहीस." मग टेबलावरचे कागद उगाच सरळ करत त्या म्हणाल्या, "गाड्या दारात थांबल्या तेव्हा बाबांनी मला आत येऊन सांगितलं, निळा रेशमी रुमाल डोक्याला बांध. तुझ्या काकांना एवढंच सांग की येण्याआधी कुणी बायकामाणूस पाठवावं. विचारून यावं."

रुमालाचा गुणांशी काय संबंध ते मला समजलं नाही. त्यांनी जायला सांगितलं, मी निघाले.

सोमवार, ९ डिसेंबर

प्रामाणिकपणे लिहायचं तर: मी पन्नास घेणार आहे.

शब्द मी मागितला नाही, मी दिला नाही, माझ्या माघारी दोन घरांत व्यवहार झाला. पदवीवर हे लिहिलेलं नसतं. तेहेतीस विषय मी माझ्या बळावर काढले आहेत, चौतिसावा दिव्यांचा आहे. कतरानाचा रस्ता सव्वीस किलोमीटर आहे आणि त्यातला एक सेंटिमीटरही मानव्यविद्येवर अवलंबून नाही.

राकानना सांगितलं, विषय सुटला. ते म्हणाले, "शाबास. सहीचा सराव कर, तुझी सही औषधाच्या चिठ्ठीसारखी आहे."

मंगळवार, १७ डिसेंबर

आठ दिवस वर्गाला गेले नाही. आज रनीम आमच्या कार्यालयाच्या दारात उभी. हातात माझ्यासाठी वर्गातल्या टिपणांच्या प्रती, मी मागितल्या नसताना.

"ताई, बरी आहेस ना? मला वाटलं तू लाजेनं येत नाहीस."

"कसली लाज?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तोंडातली बी फेकून म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही? माझी आत्या डॉक्टरांच्या समोरच राहते."

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

शुक्रवारी दोन गाड्या, एक बस आणि अकरा वडीलधारी माणसं डॉक्टरांच्या दारात उतरली. सगळ्यांच्या अंगावर चांगले झगे. डॉक्टर चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत, लग्न झालेलं नाही, घरात त्या आणि वडील दोघंच. अशी मंडळी अशा घरी एकाच कामासाठी येतात. आधी बायका येऊन अंदाज घेऊन जातात हे खरं, पण आत्या म्हणाली, या वयात कुणी ते सोपस्कार गाळले असतील. आत्यानं गच्चीवरून जीभ हलवून लग्नाची ललकारी दिली. शेजारणींनी उचलून धरली. म्हाताऱ्यांनी घाईघाईनं लग्नामयतीचा झगा चढवला. मिठाईवाल्याला फोन केला, चार किलो. हाजींनी कॉफीचा कप खाली ठेवला मात्र, म्हाताऱ्यांना राहवलं नाही. मागणं ऐकायच्या आतच दिलं म्हणाले.

मग हाजींनी मागितले पन्नास गुण.

"आत्या म्हणते, कुनाफा तोवर आला होता," रनीम म्हणाली. "परत कसा पाठवणार. सगळ्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पाव आणायला बाहेर पडल्या तर गल्लीभर बायका अभिनंदन करत होत्या. प्रत्येकीला थांबून सांगायला लागलं."

"काय सांगितलं?"

"की एका विद्यार्थिनीचं काम होतं."

मी तिला टिपणांबद्दल धन्यवाद दिले. ती गेली.

ते ताट मी पुसून खाल्लं होतं. पाक थोडा जास्त होता, असंही सौसनला म्हणाले होते.

गुरुवार, १९ डिसेंबर

काम झालं नाही. मोजणीची एक बंद आकृती सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळेना, तीन वेळा फरक आला, तिन्ही वेळा वेगळा. राकाननी विचारलं, यंत्र तपासायला पाठवू का. मी म्हटलं यंत्र ठीक आहे.

मला राग आला आहे. काकांचा, हाजींचा, गच्चीवरच्या आत्याचा. डॉक्टरांचाही, कारण त्यांनी सरळ सांगितलं नाही. रेशमी रुमाल म्हणाल्या आणि थांबल्या. दिव्याच्या वेळी मला थांबू नकोस म्हणणारी बाई.

शुक्रवार, २० डिसेंबर

दुपारी तीन वाजता थनिय्याला गेले. एकटी. कुणालाही न विचारता, तेव्हा तेही चुकलंच.

दार म्हाताऱ्यांनीच उघडलं. अबू मुंतहा म्हणतात त्यांना, मुलीच्या नावानं, मुलगा नाही म्हणून. टपाल खात्यातून निवृत्त. मी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "गुणवाली." मग बैठकीच्या खोलीत बसवलं. मुलगी बाजारात गेली आहे म्हणाले, कॉफी स्वतः करून आणली. खुर्चीच्या पाठीवर तपकिरी लोकरी झगा होता, धोब्याच्या प्लास्टिकमध्ये. चौदा दिवस झाले होते. अजून कपाटात ठेवलेला नव्हता.

कप मी समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असं आहे होय. एकट्या मुलीची जाहा मी आजवर पाहिली नाही."

"मीही नाही."

"बोल."

"तुम्ही दिलेला शब्द मी परत करायला आले आहे."

"दिलेला शब्द आपण परत घेत नाही, मुली."

"देणाऱ्यानं घेऊ नये, हे बरोबर आहे. पण ज्याच्यासाठी दिला त्यानं परत करायचा ठरवला तर?"

"मी हाजींना दिलाय. तुला नाही."

"गुण माझे आहेत."

ते जरा हसले. "तुला पन्नास नको आहेत का?"

"हवे आहेत. ते नाही मिळाले तर माझं काम दुसऱ्याकडे जाईल."

"मग परत कशाला करतेस?"

 वाटेत बसमध्ये मी पाच मुद्दे तयार केले होते, त्यांतला एकही या प्रश्नाचा नव्हता. मी झग्याकडे पाहत होते हे त्यांना दिसलं असावं. ते उठले, झगा उचलला, घडी घालायला लागले. प्लास्टिक सारखं सरकत होतं. मी एक टोक धरलं. दोघांनी मिळून घडी घातली.

"लोक म्हणतात मी घाई केली," ते म्हणाले. "घाई कसली. वीस वर्षं झाली या दाराकडे बघत बसलोय."

मी म्हणाले, "माझ्या घराकडून चूक झाली." आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. रनीमला सुचलं असतं.

"तुझ्या घरच्यांनी तुझ्यासाठी अकरा माणसं आणली," ते म्हणाले. "ही चूक असेल तर बरी चूक आहे." मग कप बोटानं माझ्याकडे सरकवला. "पी. जे मागायला आलीस ते दिलं. हाजींना मी सांगेन, मुलीनंच मान राखून परत केला."

कॉफी गार झाली होती. प्याले.

तेवढ्यात डॉक्टर पिशव्या घेऊन आल्या. दारातच थांबल्या. मला पाहिलं, रिकामा कप पाहिला, घडी घातलेला झगा पाहिला. म्हणाल्या, "बाबा वेलदोडा फार घालतात हल्ली." मी म्हटलं, ठीक होता. निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

"आता तुझे सात आहेत," त्या म्हणाल्या. "निबंधाची मुदत परवा."

शनिवार, २१ डिसेंबर

सकाळी सात वाजता बसले, दहा वाजता चार पानं झाली होती. खोडाखोड जवळजवळ नाही. जाहावर लिहिलं. अकरा माणसं का जातात, कॉफी खाली का ठेवतात, न मागताच हो म्हणणाऱ्या माणसाला काय वाटत असेल. प्लास्टिक कसं सरकत होतं. मी कुठे होते: दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात, पाक जास्त झाला म्हणत. तेही लिहिलं.

पुन्हा वाचलं. या विषयात माझ्याकडे काय मागत होते ते यात आहे. अठरा नव्हे, चोवीस-पंचवीस मिळतील, हे मला कळतं. इतके दिवस कळत नव्हतं आणि आता कळतं, याचाही राग आला.

मग हा निबंध वाचणार कोण ते आठवलं.

त्या कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचतील. लाल पेन बाजूला ठेवून वाचतील की हातात धरून, माहीत नाही. पण शेवटी त्यांना खाली आकडा घालावा लागेल. त्यांच्या वडिलांच्या झग्याला तीसपैकी किती.

चार पानं. सगळी बरोबर. देता येत नाहीत.

दुपारी जेवून जुना निबंध काढला. मांडव बारा बाय चार तसाच ठेवला. त्याला दीड पान जोडलं: गेलेला माणूस माझे वडील होते, बस चालवायचे, ब्रेक दाबताना नेहमी उजव्या हातानं शेजारच्या सीटला आडवा हात करायचे, सीट रिकामी असली तरी. मी तीन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप विसळत होते आणि येणारी माणसं मोजत होते. चारशे बारा हा आकडा म्हणून माझ्याकडे आहे. का मोजत होते, ते लिहिता आलं नाही. पाच वेळा वाक्य सुरू केलं. शेवटी, "मोजणं थांबवलं असतं तर तिसऱ्या दिवसापर्यंत पोचले नसते," असं लिहून सोडून दिलं. हे वाक्य कच्चं आहे. वेळ संपला होता.

रविवार, २२ डिसेंबर

निबंध दिला. डॉक्टरांनी इतरांच्या गठ्ठ्यात ठेवला.

घरी काका. हाजींनी त्यांना बोलावून सांगितलं होतं. "अकरा माणसं माझ्या शब्दावर तिथे जाऊन बसली, आणि तू एकटी जाऊन सगळं उलटवलंस? पाशांना मी काय तोंड दाखवू?"

मी त्यांना ललकारीचं, रुमालाचं आणि कुनाफ्याचं सांगितलं. हळू, क्रमानं. काका मध्येच खाली बसले. बराच वेळ हातातली जपमाळ एकाच मण्यावर होती.

"मला वाटलं फार चांगली माणसं आहेत," ते म्हणाले. "मी तर दोनदा वाढून घेतला."

मग उठून गेले. चहाही घेतला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

निकाल लागला. निबंध: सोळा. शेवटची परीक्षा: एकोणीस, मी काढलेला अंदाज बरोबर ठरला. सहामाहीचे तेरा. एकूण अठ्ठेचाळीस. नापास.

निबंधावर लाल शाईत एकच ओळ, शेवटच्या वाक्याशेजारी: "इथून सुरुवात कर."

इथून सुरुवात कर म्हणजे काय? पान तिथे संपतं.

राकानना सांगितलं. ते खूप वेळ चष्मा पुसत राहिले. "तू तर म्हणालीस सुटला." मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली. त्यांनी पुढे विचारलं नाही. नवा इंजिनियर पंधरा फेब्रुवारीपासून येणार, वय तेवीस.

काका महिन्यानंतर आज पहिल्यांदा आले. आईनं त्यांना आकडा सांगितला होता. दारातूनच म्हणाले, "दोन गुण? अगं, दोन गुणांसाठी तर मी एकटा गेलो असतो. गाडीही लागली नसती."

"काका, बसा."

"बसतोच आहे. सांगतोय फक्त."

आईला हसू आवरेना. मला आलं नाही, पण ते बसल्यावर मी त्यांच्या सिगारेटसाठी समोर राखदाणी ठेवली, जी मी कधी ठेवत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

नव्या सत्राची नोंदणी. हा विषय यावेळी दोन वर्गांत आहे. एक शनिवारी सकाळी, एक वयस्कर प्राध्यापक घेतात, त्यांच्याकडे आजवर कुणी नापास झालेलं नाही. रनीमनं तर सांगितलं ते पेपर वजनावर तपासतात. दुसरा पूर्वीचाच, रविवार-मंगळवार साडेचार, डॉक्टर मुंतहा.

अर्जावर शिक्षकाची सही लागते. त्यांच्या खोलीत गेले. यावेळी त्यांनी खुर्चीकडे हात केला.

अर्ज वाचून म्हणाल्या, "शनिवारचा वर्ग आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तिथे तू जूनमध्ये मोकळी होशील. माझ्याकडे खात्री नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"ही वेळ मला सोयीची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सही केली, तारीख घातली. "बाबा विचारत होते तुझ्याबद्दल. एखाद्या शुक्रवारी ये. काही मागायला नको येऊस."

ही वेळ मला सोयीची नाही. मार्चपासून आम्ही रोज कतरानाला असणार, आणि रविवार-मंगळवार मला दुपारी अडीचला यंत्र त्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन निघावं लागेल. गुरुवारी तो कामाची ओळख करून घ्यायला आला होता, त्याला तिपाईचे पाय कुठल्या बाजूनं उघडतात तेही दाखवावं लागलं. सोळा आठवडे, बत्तीस तास, बत्तीस अर्ध्या रजा. वर्षाच्या एकवीस रजांपैकी सोळा यात जातात. मी दोनदा हिशेब केला, तेवढाच आला.